काळजी घेणारी व्यक्ती तयार आहे

४ मार्च

बारक्या,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या कंपनीच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, लिफाफा त्यांच्याकडे दिला की बोट पुढच्या ज्या बंदराला लागेल तिथे तो तुला मिळतो. पंधरा दिवस लागतात म्हणाल्या, कधी वीसही. तेव्हा तब्येतीच्या चौकशा राहू देत, कामाचं आधी लिहिते.

आई एक एप्रिलला घर सोडून वृद्धाश्रमात राहायला चालली आहे. जागा तिने स्वतः जाऊन पाहिली, फॉर्म स्वतः भरला, आणि मला सांगितलं ते नातेवाइकाची सही लागते म्हणून. मी म्हटलं, "अगं, इथे तुला काय कमी आहे?" तर म्हणाली, "कमी काही नाही. तिथे कुणाचं काही करावं लागत नाही, एवढंच." आणि पिशवीत टॉवेल भरायला लागली. अजून चार आठवडे आहेत, पण पिशवी भरून दारामागे ठेवली आहे. मला रोज त्या पिशवीला वळसा घालून ड्युटीवर जावं लागतं.

'कुणाचं काही' म्हणजे काय, ते तुला माहीत नाही, कारण तू आलास आणि गेलास. चौदा महिने झाले, आईने कुणाच्या हातात खायला-प्यायला काही दिलेलं नाही. स्वयंपाक करते, पण झाकून ठेवते आणि खोलीत जाऊन बसते. मी आपलं वाढून घ्यायचं. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरची सून तिच्या लहान मुलाला अर्धा तास आमच्याकडे ठेवून गेली. पोराला पाणी पिताना ठसका लागला. साधा ठसका. आई त्याला तसाच सोडून बाहेर गेली आणि जिन्यात उभी राहिली. त्याची आई परत आली तेव्हा पोरगं घरात मजेत खेळत होतं आणि म्हातारी जिन्यात कठड्याला धरून उभी. सून मला म्हणाली, "ताई, काकूंना काही होतंय का?" मी म्हटलं, गुडघे दुखतात.

तिला तिच्या हातांची भीती बसली आहे. कशाने, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. बाबांना जाऊन आठ दिवस झाल्यावर तू पोचलास. स्वयंपाकघरात उभा राहून तू म्हणालास, "तू घाई केलीस म्हणून बाबा गेले, आई." ती म्हणाली, "हो." मी दारात उभी होते. तू बॅग न उघडताच परत गेलास आणि त्यानंतर तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी तुला दोष द्यायला बसलेली नाही. मला फक्त एवढंच पाहिजे, की एक तारखेच्या आत तू तिला एक फोन कर आणि सांग, की तिची चूक नव्हती. तू म्हणालास तर ती जाणार नाही. मी दहा वेळा सांगून पाहिलं. माझं तिला खरं वाटत नाही.

गंमत बघ, हेच माझं काम आहे. बरा झालेला, अर्धवट बरा झालेला, आता बरा होणारच नाही असा, प्रत्येक पेशंट घरी जाण्याआधी माझ्या टेबलाशी येतो. वॉर्डबॉय मला 'पाठवणीवाल्या सिस्टर' म्हणतात. ज्याचा पाय गेला त्याला पाय नसलेला माणूस व्हायला शिकवायचं, ज्याच्या नवऱ्याला पक्षाघात झाला तिला घरातली नर्स व्हायला शिकवायचं. आमच्या ट्रेनिंगला एक बाई आल्या होत्या, सर्दीने बेजार, रुमाल घेऊनच शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, आजार डॉक्टर बघतात. तुम्ही स्थित्यंतर बघा. माणूस काल एक होता, उद्या दुसराच कुणी होणार आहे, आणि या दोन्हींच्या मधे तो लोंबकळत असतो. तिथे त्याचा हात धरणं म्हणजे नर्सिंग. पुढे म्हणाल्या, कुणी आई होतं, कुणी विधवा होतं, कुणी रिटायर होतं, कुणी आजारी पडतं, सगळ्याची रीत एकच. आधी त्या माणसाला कळावं लागतं, की बदल झाला आहे. ते कळलंच नाही तर पुढचं सगळं पाण्यात. मी ते वहीत लिहून घेतलं आणि बावीस वर्षं लोकांना शिकवलं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तुला येतं.

बाबांबद्दल तुला जे सांगितलं तेच पुन्हा लिहिते, म्हणजे गोंधळ नको. पक्षाघातानंतर त्यांना गिळता येत नव्हतं. नाकातल्या नळीतून दर तीन तासांनी पातळ अन्न द्यायचं, पाठ उंच करून. घरी आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी ते गादीवर खाली घसरलेले असताना आईने अन्न दिलं. ते उलटून छातीत गेलं. तीन दिवसांनी हॉस्पिटलात गेले. यातलं एक अक्षर खोटं नाही.

हे लिहिताना मला काही वाटत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं. लोक म्हणाले, नर्स आहे, खंबीर आहे. मीही तसंच धरून चालते.

फोन कर.

ताई

१२ मार्च

बारक्या,

पहिलं पत्र तुला मिळालं नसेल अजून. तरी दुसरं लिहिते आहे, कारण पहिल्यात मी जरा हात राखून लिहिलं.

सोमवारी माझ्याकडे एक शिंपी आला. म्हणजे त्याला आणला. उजवी बाजू गेलेली, नाकात नळी, अगदी बाबांसारखा. बरोबर बायको, बारीक चणीची, तोंडाने फटकळ. मी नेहमीप्रमाणे शिकवलं. आमची पद्धत अशी आहे, की शिकवून झालं की समोरच्याने ते परत सांगायचं. "कळलं का?" असं विचारायचं नाही, कारण "कळलं" असं सगळेच म्हणतात. "आता तुम्ही मला शिकवा" असं म्हणायचं. आणि त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं पाहिजे. माझेच शब्द परत आले तर ती पोपटपंची, त्याला टिकमार्क नाही.

तर मी खाटेचं हँडल फिरवून शिंप्याची पाठ उंच केली आणि म्हटलं, "हं, आता तुम्ही सांगा." ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "सिस्टर, हे हँडल तुम्ही मला घरी देणार आहात का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे आमच्याकडे साधी खाट आहे. सपाट. आणि हा माणूस आहे ऐंशी किलो. मी आहे बेचाळीस. तुम्ही इथे गरागरा फिरवता आणि मला सांगता पाठ उंच करा. मी काय गाडीचा जॅक लावू?"

बाजूच्या खाटेवरचा पेशंट हसला. मीही हसायला हवं होतं. मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि ते पुन्हा उचलायला मला जरा वेळ लागला.

बारक्या, आमच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न आहे, 'घरची खाट, जागा, उचलायला माणसं'. मी तो प्रत्येकाला विचारते. नुसतं विचारत नाही, कागदावर खोलीचं चित्र काढायला लावते, दार कुठे, खाट कुठे, बाथरूम किती पावलांवर. लोक वैतागतात. पण बाबांच्या फॉर्मवर मी तो प्रश्न कुणाला विचारला नाही. विचारायचं कुणाला? घर माझंच. त्याच घरात मी सकाळी उठते. मी सरळ 'योग्य' असं लिहून टाकलं. बाबांची लाकडी खाट मला इतकी पाठ आहे, की ती डोळ्यांसमोर आलीच नाही.

आई हॉस्पिटलच्या खाटेशी उभी राहून माझ्यापुढे सगळं घडाघडा बोलून गेली. "हँडल फिरवून पाठ पंचेचाळीस अंशांत उंच करायची, अन्न हळूहळू सोडायचं, त्यानंतर एक तास तसंच बसवून ठेवायचं." जसं मी म्हणते तसंच, माझ्याच चालीवर. कारण या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रोज संध्याकाळी घरी तिच्यावरच तालीम करत असे. तू तेव्हा शाळेत होतास, चिडवायचास, "ताई, आज आईचा कुठला पाय कापला?" आईला माझं सगळं भाषण तोंडपाठ होतं. दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, बाई, तुमच्या शब्दांत सांगा. आईच्या तोंडून माझे शब्द ऐकून मला मात्र बरं वाटलं. दोन शिकाऊ नर्स बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, "बघा, असं सांगता आलं पाहिजे." आणि टिकमार्क केला.

घरी आणल्यावर पाठ उंच करायला चार उशा लावल्या. उशा सरकतात. बाबा सत्तर किलो होते.

अजून एक. तो टिकमार्क करून मी पान उलटलं, तेव्हा आई हळूच म्हणाली, "अजून दोन दिवस राहू दे ना यांना इथे. मला भीती वाटते गं." मी म्हटलं, "अगं, सगळ्यांनाच वाटते." हेही मी सगळ्यांना सांगते. पण बाकीच्यांना सांगून झाल्यावर मी थांबते आणि विचारते, कशाची भीती वाटते. तिला विचारलं नाही. बाहेर दोन पेशंट खाट रिकामी व्हायची वाट बघत होते, आणि सिस्टरची आई घाबरते असं कुणी म्हणू नये असंही मला वाटलं असणार. मी शेवटची ओळ लिहिली, 'काळजी घेणारी व्यक्ती तयार आहे', आणि सही केली. त्या संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, आई हे सगळं करू शकेल का. मी म्हटलं, शंभर टक्के.

हे तुला आधीच सांगायला हवं होतं. तू स्वयंपाकघरात तिला म्हणालास तेव्हाच. मी मूग गिळून उभी राहिले.

शिंप्याला मी अजून घरी जाऊ दिलेलं नाही. त्याची बायको रोज विचारते, "जॅक मिळाला का, सिस्टर?" खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे कसे लावायचे, ते आम्ही दोघी मिळून शोधतो आहोत. तिचा भाऊ सुतार आहे.

आता फोन करशील ना? बघ, तिची चूक नव्हती. चुकीचा कागद मी भरला होता.

ताई

१९ मार्च

बारक्या,

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते वाचून तुला वाटेल, ताईने सगळं कबूल केलं. मलाही लिफाफा चिकटवताना तसंच वाटलं होतं. बस स्टॉपपर्यंत तसं वाटत राहिलं.

तेवढंच नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आईने मला फोन केला होता. बारा वाजून सात मिनिटांनी. अठ्ठेचाळीस सेकंद. माझ्या जुन्या फोनमध्ये ते अजून आहे. नवीन फोन घेतला तरी मी तो विकला नाही, कपाटात ठेवला आहे. मधून मधून चार्ज करते आणि नुसती ती ओळ बघून परत ठेवते.

मी टेबलाशी होते. समोर एका बस ड्रायव्हरची बायको बसली होती. मी तिला सांगत होते, "शंका आली तर थांबायचं. अन्न द्यायचं नाही. मला फोन करायचा. एक वेळ चुकली तर माणूस मरत नाही." हे मी दिवसातून चार वेळा सांगते. तेवढ्यात फोन वाजला. आई म्हणाली, "अगं, हे खाली घसरलेत. मला एकटीला वर ओढवत नाहीत. शेजारी कुणी नाही. बाराचं द्यायचं आहे, काय करू?"

मी म्हटलं, "डोक्याखाली अजून एक उशी सरकव आणि दे. वेळ चुकवू नकोस. मी शिकवतेय."

ती म्हणाली, "नक्की ना?"

मी म्हटलं, "आई, दे ना."

फोन ठेवला आणि त्या बाईला विचारलं, "हं, कुठे होतो आपण?" ती म्हणाली, "शंका आली तर थांबायचं." मी तिला टिकमार्क केला.

डोक्याखाली उशी घातली तर मान वाकते. पाठ उंच होत नाही. हे शिकाऊ नर्सलाही कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. मी ऐकलंच नव्हतं. घरचा फोन म्हणजे गॅस संपला, चावी सापडत नाही, असलंच काही असणार, अशा कानाने मी बोलले.

आईने काय केलं, ते नीट बघ. शंका आली. थांबली. फोन केला. आम्ही जे शिकवतो ते तिने तंतोतंत केलं. त्या फॉर्मवर एक ओळ आहे, 'अडचण आल्यास मदत मागू शकते'. सगळ्या कागदावर तेवढीच ओळ खरी निघाली.

आणि तिने हे कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं." तू म्हणालास, घाई केलीस, तेव्हा म्हणाली, "हो." आम्ही दोघी चौदा महिने एका घरात राहतो. तिने मला एकदाही त्या फोनबद्दल विचारलेलं नाही, टोमणाही मारलेला नाही. मीही विषय काढला नाही. पहिल्या महिन्यात वाटायचं, ती विसरली असेल. असं खरंच वाटायचं मला. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो, बघ.

काल मी हे सगळं लिहून मेट्रनबाईंना दिलं. त्यांनी पहिली चार वाक्यं वाचली आणि चष्मा काढला. "सिस्टर, कुणी तक्रार केली आहे का?"

"नाही."

"मग चौदा महिन्यांनी हे कशाला उकरून काढता? तुमची नोकरीची सहा वर्षं राहिली आहेत."

मी म्हटलं, "माझ्या आईने स्वतःवर घेतलं आहे. ते तिचं नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाल्या, "हे मी सोमवारी वाचते. तोपर्यंत तुमचं मन बदललं तर कागद घेऊन जा." चांगल्या आहेत त्या. कागद मी आणणार नाही.

तुला वाटेल, मी रडून वगैरे हे लिहिते आहे. तसं काही नाही. मला आतून काहीच वाटत नाही. जेवण जातं, झोप लागते. त्या सर्दीवाल्या बाई म्हणाल्या होत्या, आधी कळावं लागतं. मला वाटतं, मला अजून कळलेलं नाही, नुसतं माहीत आहे. फक्त एका गोष्टीची भीती वाटते, की आई एक तारखेला जाईल आणि तिथे कुणी विचारलं, की नवरा कशाने गेला, तर ती पुन्हा म्हणेल, माझ्यामुळे. आणि तिथे तिला कुणी खोडणारं नसेल. इथेही नव्हतं म्हणा.

तुझा राग योग्य होता. पत्ता चुकला.

ताई

२९ मार्च

बारक्या,

हे पत्र बंदराची वाट बघणार नाही. ऑफिसातल्या बाईंच्या हातापाया पडले, त्या याचे फोटो काढून आजच तुझ्याकडे पाठवणार आहेत. आधीची तिन्ही पत्रं ज्या बंदरात तुला ठरल्यापेक्षा लवकर आणि एकदमच मिळाली, तिथेच बोट एकतीस तारखेपर्यंत आहे, असंही त्यांनी सांगितलं.

शुक्रवारी दुपारी चारला तुझा फोन आला तेव्हा मी घरीच होते. मला पाठवणीच्या टेबलावरून काढलं आहे. सध्या चादरींच्या कोठीवर बसते, तीनला सुटते. पुढे चौकशी होईल. होऊ दे. शिंपी मात्र आधीच घरी गेला, ठोकळे लावलेल्या खाटेवर. त्याच्या बायकोने तिच्या शब्दांत सगळं परत सांगितलं, त्यात दोन शिव्या होत्या, मी टिकमार्क केला. माझा शेवटचा.

आईला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून तिचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. ते तुला माहीत नसणार. तुझं सगळं बोलणं मी ऐकलं. आधी तू नुसतं "आई" म्हणालास आणि थांबलास. ती उभी होती ती खाटेवर बसली. मग तू विचारलंस, "आई, त्या दिवशी तू ताईला फोन केला होतास?"

आई माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "नाही रे. तिला कशाला फोन करीन? ती ड्युटीवर होती."

तू म्हणालास, "ताईने लिहिलं आहे."

"ती काहीही लिहिते. मनाला लावून घेतलंय तिने. तू तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. माझ्याच हातून झालं ते. तू जेवतोस ना वेळेवर?"

तू म्हणालास, जेवतो. मग तुम्ही दोघं तुझ्या बोटीवरच्या आचाऱ्याबद्दल काही तरी बोललात. ती हसली. चौदा महिन्यांनी तिच्या हसण्याचा आवाज त्या घरात आला, आणि तो अशा खोट्यावर उभा होता. तू फोन ठेवताना म्हणालास, "बरं, झालं ते झालं, आई. मी तुला माफ केलं." मनापासून म्हणालास, कळत होतं. ती म्हणाली, "बरं बाळा."

माफ केलं म्हणे. तुझा दोष नाही. तू विचारलंस, तिने उत्तर दिलं.

मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. फोन तिच्या मांडीवर होता. मला फक्त पुढे वाकून म्हणायचं होतं, बारक्या, ती खोटं बोलते आहे. तीन पत्रं लिहिणारी बाई मी, एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले होते तशीच बसून राहिले. हे तुला लिहिलंच पाहिजे, नाहीतर त्या आधीच्या तीन पत्रांना काही अर्थ नाही.

आता नीट वाच. तू परत फोन कर, एकतीसच्या आत. तिला प्रश्न विचारू नकोस. विचारलास तर ती पुन्हा हेच सांगेल, मरेपर्यंत सांगेल. तू नुसतं सांग, "मला माहीत आहे, तू फोन केला होतास." जुन्या फोनवरच्या त्या ओळीचा फोटो सोबत आहे, तारीख आणि वेळ दिसते. आणि 'माफ केलं' हा शब्द तिच्यासमोर परत काढू नकोस. माफी मागायची आहे ती आपण दोघांनी. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. रागाव, ओरड, नाव टाक. मला ते सोसेल की नाही हे मला माहीत नाही, पण ते माझं आहे.

हे पत्र इथवर लिहून मी आज सकाळी आईला वाचून दाखवलं. तिच्या पाठीमागे आता काही करायचं नाही असं ठरवलं आहे. ती पिशवीतल्या वस्तू काढून परत भरत होती. ऐकताना तिचे हात थांबले. वाचून झाल्यावर म्हणाली, "फाड ते."

मी म्हटलं, "नाही."

"अगं, नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

मग मी तिला ते विचारलं. चौदा महिने उशिरा, पण विचारलं. "आई, तू सांगितलं का नाहीस कुणाला? मला तरी का नाही बोललीस?"

तिने टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली. म्हणाली, "हे गेले. तो रागावून गेला. तुला बोलले असते तर तूही गेली असतीस, घरात असून. दोघांपैकी एक पोर तरी माझ्याशी बोलत होतं. तेही घालवू?"

मी कोठीवर आले आहे आणि चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून हे शेवटचं लिहिते आहे. चौदा महिन्यांत मी तिच्याशी काय काय बोलले ते सकाळपासून आठवते आहे. गोळ्या घेतल्यास का. दार आतून लावून घे. येताना काही आणू का. दुसरं काही आठवत नाही.

ताई